सायकलीवरून सह्याद्रि आणि सागर

सायकल ही आपल्या घरांत कांहीं नवी वस्तु नव्हे. उंच दांडीची, काळ्या रंगाची, मागें कॅरियर असलेली आजोबांची सायकल कित्येक घरांच्या पडवींत अजूनहि भिंतीला टेकून उभी असते. शाळा, कचेरी, मंडई आणि देऊळ एवढाच तिचा प्रवास असे, आणि तेवढ्यांत तिनें दोन दोन पिढ्यांची सेवा केली. अलीकडे मात्र घरांतील कॉलेजांत जाणारीं मुलें निराळ्याच सायकलीची मागणी करूं लागलीं आहेत. तिचे टायर जाड, त्यांवरील खाचा खोल, आणि किंमत अशी कीं ती ऐकून आजोबांनीं चष्मा काढून पुसावा. तीं तिला ‘माउंटन बाइक’ म्हणतात. आपण तिला पर्वतसायकल म्हणूं. ही सायकल घेऊन चार-आठ दिवस डोंगरांतून, रानांतून आणि समुद्रकांठानें हिंडून यावें अशी मुलांची इच्छा असते. आणि ‘धड रस्ता सोडून रानांत सायकल कशास न्यावयाची?’ असा वडील माणसांचा प्रश्न असतो.

प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचें उत्तरहि विचारपूर्वक दिलें पाहिजे. प्रस्तुत लेखकाची नोकरी कोंकणांतील शाळांतून झाली. शाळेस जाण्याची वाट पुष्कळ वर्षें सड्यावरूनच होती आणि वाहन सायकल हेंच होतें. त्यामुळें या विषयांत दोन शब्द लिहिण्याचा थोडासा अधिकार आपणांस आहे असें त्यास वाटतें. माझें मत प्रारंभींच सांगून टाकतों. मुलांना जाऊं द्यावें, मुलींनाहि जाऊं द्यावें. मात्र कोणत्या वाटेनें जावें आणि त्या वाटेवर कसें वागावें हें शिकवून मग जाऊं द्यावें.

पर्वतसायकलीचा जन्म

ही सायकल अमेरिकेंत जन्मली, आणि तिचें जन्मस्थान आपल्या कोंकणाशीं पुष्कळ अंशीं मिळतें आहे. कॅलिफोर्नियांत सॅन फ्रॅन्सिस्को शहराच्या उत्तरेस मरिन नांवाचा जिल्हा आहे. तेथें टॅमलपायस नांवाचा एक डोंगर असून त्याची उंची सुमारें ७८४ मीटर, म्हणजे आपल्या आंबोलीहून थोडी अधिक आहे. त्याच्या एका अंगास प्रशांत महासागर, आणि दऱ्याखोऱ्यांत गगनाला भिडणाऱ्या रेडवूड वृक्षांचें रान. १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत तेथील तरुणांनीं तीस-चाळीस वर्षांच्या जुन्या, जाड टायरांच्या सायकली अडगळींतून बाहेर काढल्या, आणि वणवे विझविण्याकरितां रानांतून काढलेल्या मातीच्या रस्त्यांनीं ते डोंगर उतरूं लागले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं अशा एका उतारावर त्यांनीं पहिली शर्यत लावली. उतार सुमारें दोन मैलांत तेराशें फुटांचा. उतरतांना मागच्या चाकांतील ब्रेक इतका तापे कीं आंतील ग्रीस जळून धूर निघे, आणि खालीं पोंचल्यावर तें पुन्हां भरावें लागे. म्हणून त्या उतारासच ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हां भरा’, असें नांव पडलें.

पुढें जो ब्रीझ यानें १९७७ च्या सुमारास खास या कामासाठीं नवी चौकट घडविली. १९७९ मध्यें गॅरी फिशर व चार्ली केली यांनीं टॉम रिची या कारागिराच्या चौकटी घेऊन अशा सायकली विकण्याचा धंदा मांडला. १९८१ पासून त्या कारखान्यांतून मोठ्या संख्येनें निघूं लागल्या, आणि १९९६ च्या अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत या सायकलींच्या शर्यतीस स्थान मिळालें. अडगळीच्या खोलींतून ऑलिंपिकच्या मैदानापर्यंतचा हा प्रवास वीस वर्षांत झाला.

परंतु या इतिहासाचें दुसरें अंगहि आपण पाहिलें पाहिजे. त्या डोंगरावर पायीं हिंडणारे व घोड्यावरून जाणारे लोक आधींपासूनच होते. वळणावरून एकाएकीं भरधांव सायकल अंगावर आली म्हणजे माणूस दचके, घोडा बुजे, आणि पावसाळ्यांत मऊ झालेल्या वाटेवर चाकांच्या चऱ्या पडत त्या निराळ्याच. तंटे वाढले. अखेर तेथील बहुतेक अरुंद पायवाटा सायकलींना बंद करण्यांत आल्या. रुंद रस्त्यांवर ताशीं पंधरा मैलांची आणि आंधळ्या वळणांवर ताशीं पांच मैलांची मर्यादा घालण्यांत आली. ज्या डोंगरानें ही सायकल जगाला दिली, त्याच डोंगरावर तिला लगाम घालावा लागला. तेव्हां कोठें स्वारांचे डोळे उघडले, आणि १९८८ मध्यें त्यांनीं एक आंतरराष्ट्रीय संस्था काढून आपल्या आपणच नियम घालून घेतले: खुल्या वाटेवरच जावें, दुसऱ्यास वाट द्यावी, जनावरास भिववूं नये, मागें खूण ठेवूं नये. हे नियम आपल्या मुलांस पहिल्या दिवसापासून ठाऊक असले तर तो तंटा आपल्याकडे उद्भवणारच नाहीं.

यंत्राविषयीं थोडें

साध्या सायकलीहून हिच्यांत विशेष काय, हें घरांतील वडिलांनींहि समजून घ्यावें. कारण पैसे त्यांनाच द्यावयाचे असतात. हिचे टायर दोन इंच किंवा त्याहून अधिक रुंद असतात, आणि त्यांत हवा थोडी कमी ठेवतात. त्यामुळें टायर दगडावर आपटून उसळी घेण्याऐवजीं त्यावर किंचित् दबतो आणि वाळू-मुरमांत पकड घेतो. पुढच्या चाकाच्या दोन दांड्यांत धक्का जिरविण्याची योजना असते. गियर इतके हलके असतात कीं पायीं चालण्याच्या वेगानेंहि चढ चढतां येतो. ब्रेक बहुधा चाकाच्या कडेवर न दाबतां मध्यभागीं बसविलेल्या चकतीवर दाबतात, म्हणून चिखलपाण्यांतहि ते लागतात. खऱ्या उपयोगाच्या गोष्टी एवढ्याच. बाकीच्या बहुतेक गोष्टी दुकानदाराच्या उपयोगाच्या असतात. चांगले ब्रेक, अंगास बेताची चौकट आणि मजबूत चाकें असलीं म्हणजे आपल्या कामास बस्स झालें. समुद्रकांठच्या खाऱ्या हवेंत साखळी पाहतां पाहतां गंजते. म्हणून रोज संध्याकाळीं सायकल गोड्या पाण्यानें धुवून, पुसून साखळीस तेलाचे दोन थेंब द्यावे. हें काम मुलानें स्वतः करावें. जो आपल्या वाहनाची सेवा करीत नाहीं त्यानें रानांत जाऊं नये.

आपली भूमि

सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्रापर्यंत कोंकणपट्टीची रुंदी सामान्यतः पन्नास किलोमीटरांच्या आसपास आहे. एवढ्याशा रुंदींत भूमीनें किती रूपें घेतलीं आहेत! माथ्यावर ढगांत बुडालेलें सदाहरित रान. त्याखालीं कडे आणि घाटवाटा. मग भातखाचरें आणि वहाळ. पुढें जांभ्या दगडाचे उघडेबोडके सडे. सड्याखालीं नारळी-पोफळींचीं आगरें. आणि शेवटीं पुळण व समुद्र. मोटारींत बसून हें अंतर दोन तासांत कापतां येतें, पण त्यांत कांहींच दिसत नाहीं. पायीं चालणारास सर्व दिसतें, पण त्याला इतके दिवस आज कोण देतो? सायकल मधली गति देते. चढावर ती माणसास चालणाराच्या बरोबरीला आणते आणि सपाटीवर त्याच्या तिप्पट-चौपट पुढें नेते.

ही सर्व रूपें एका दिवसांत क्रमानें पाहावयाचीं असल्यास आंबोली ते वेंगुर्लें या वाटेसारखी दुसरी वाट नाहीं. आंबोली सुमारें ६९० मीटर उंचीवर आहे, आणि महाराष्ट्रांतील अतिवृष्टीच्या ठिकाणांत तिची गणना होते. तेथें हिरण्यकेशी नदीचा उगम आहे. समुद्र इतका जवळ असून ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेस जाते आणि घटप्रभा व कृष्णा यांच्या द्वारें बंगालच्या उपसागरास मिळते. पण घाटाच्या ऐलतीरीं पडलेलें पाणी त्याच दिवशीं सिंधुसागराची वाट धरतें. भूगोलाचा हा धडा पुस्तकांतून शिकवितांना माझा घसा कोरडा पडत असे; तेथें उभें राहिल्यावर तो क्षणांत उमगतो. याच उगमाच्या कुंडांत एका लहानशा माशाची नवी जात सांपडली. तिला ‘शिस्तुरा हिरण्यकेशी’ असें नांव मिळालें, आणि २०२१ मध्यें ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून सरकारनें जाहीर केली. आंबोलीचा म्हणून ओळखला जाणारा एक भेकहि आहे. त्याचें शास्त्रीय वर्णन २००९ मध्यें झालें. एवढ्याशा गांवाच्या नांवावर असे जीव नोंदलेले असावेत, याचा आपणांस अभिमान वाटावयास हवा.

आंबोलीहून पहाटे नव्हे, तर चांगलें उजाडल्यावर निघावें. कारण संधिप्रकाशांत गवे रस्ता ओलांडतात, आणि गव्याशीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं. घाट उतरतांना दोन्ही ब्रेक मिळून, पण थोडथोडे दाबावे. केवळ पुढचा ब्रेक एकदम दाबणें म्हणजे स्वतःस पुढें फेंकून घेणें होय. वळणापूर्वींच वेग कमी करावा, वळणांत नव्हे. दाणोली गांवापाशीं उतार सरतो, आणि सुमारें तीस किलोमीटरांवर सावंतवाडी येते. तेथें मोती तलावाच्या कांठीं विसांवा घ्यावा आणि लांकडी खेळणीं करणाऱ्या कारागिरांचें काम पाहावें. तेथून पंचवीस-तीस किलोमीटरांवर वेंगुर्लें. काजूच्या बागा मागें पडतात, वाऱ्याला खारट वास येऊं लागतो, आणि संध्याकाळच्या सुमारास बंदरावर उभें राहिलें असतां सकाळीं आपण ढगांत होतों हें खरें वाटत नाहीं.

खाड्यांची वाट

दुसरी वाट किनाऱ्याची. तिला पांच-सहा दिवस द्यावे. दिवसास चाळीस किलोमीटरांहून अधिक मजल मारूं नये, कारण नकाशावर सरळ दिसणारा हा किनारा प्रत्यक्षांत करवतीच्या दात्यांसारखा आहे. गांव खाडीच्या मुखाशीं, गांवामागें चढ, चढावर सडा, सड्यापलीकडे उतार, आणि उतारापाशीं पुन्हां खाडी: असा क्रम दिवसांतून तीन-चार वेळां होतो.

प्रारंभ मंडणगड तालुक्यांतील वेळास गांवापासून करावा. हें नाना फडणीसांचें मूळ गांव. आज तें समुद्रकासवांमुळेंहि प्रसिद्ध आहे. चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें २००२ मध्यें गांवकऱ्यांच्या साहाय्यानें येथें कासवांच्या अंड्यांचें रक्षण आरंभिलें. पूर्वीं जीं अंडीं खोदून खाल्लीं वा विकलीं जात, तींच आज कुंपणांत जपलीं जातात, आणि सुमारें पन्नास दिवसांनीं बाहेर येणारीं पिल्लें समुद्राकडे धांवतांना पाहण्यासाठीं लोक दूरदूरून येतात. हा काळ साधारणतः फेब्रुवारी ते एप्रिल. येथें सायकलस्वारानें दोन गोष्टी पाळाव्या: भरतीच्या रेषेवरील कोरड्या वाळूंत चाक घालूं नये, कारण घरटीं तेथेंच असतात, आणि रात्रीं पुळणीवर दिवा पाजळूं नये, कारण पिल्लें उजेडाच्या रोखानें जातात आणि समुद्राची वाट चुकतात.

वेळासहून केळशी, केळशीहून आडें-पाडलें, तेथून आंजर्लें. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपर्यंतचा चढ पाय चांगलेच दुखवितो, पण वरून दिसणारा सुवर्णदुर्ग सर्व श्रम वसूल करतो. हर्णैच्या बंदरांत मासळीचा लिलाव चालतो. आपल्यापैकीं कित्येकांना तो वास सोसत नाहीं. तरी मुलांनीं तो बाजार अवश्य पाहावा. किनाऱ्यावरील हजारों कुटुंबांचें पोट ज्यावर चालतें तें पाहिल्यावांचून कोंकण पाहिलें असें म्हणतां येणार नाहीं.

पुढें मुरुड. येथें क्षणभर थांबून एका मुलाचें स्मरण करावें. धोंडो केशव कर्वे सतरा वर्षांचे असतांना सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेस बसण्याकरितां या मुरुडाहून साताऱ्यास पायीं गेले. अंतर शंभराहून अधिक मैल, दिवस पावसाळी, मध्यें सह्याद्रि. इतकें करून पोंचल्यावर, ‘हा वयानें लहान दिसतो’ म्हणून परीक्षकांनीं त्यांस परत पाठविलें! ज्या अण्णासाहेबांनीं पुढें स्त्रीशिक्षणाचें एवढें कार्य उभें केलें, त्यांच्या चिकाटीची पहिली परीक्षा या डोंगरवाटेनें घेतली, असें म्हणतां येईल. ज्यांच्या पणतवंडांच्या वयाच्या मुलांस आज गियरची सायकल मिळते, त्यांनीं चढ पाहून कुरकुर करूं नये.

दाभोळ येथें वाशिष्ठीची खाडी आडवी येते. फेरीबोटींत मोटारी, फटफट्या, टोपल्या घेतलेल्या बायका आणि शाळकरी मुलें यांच्या गर्दींत सायकल उभी करावी. थोड्याच मिनिटांत पलीकडे धोपावें. हीच खाडी टाळून जमिनीवरून जावयाचें म्हटलें तर चिपळूणचा केवढा वळसा पडतो. धोपाव्याहून गुहागर, वेळणेश्वर, हेदवी. हेदवीस दशभुज गणपतीचें दर्शन घेऊन खालीं समुद्रावरची बामणघळ पाहावी. खडकांतील अरुंद भेगेंत भरतीचें पाणी शिरून तोफेसारखें उसळतें. मात्र कडेपासून दूर उभें राहावें. तवसाळ येथें पुन्हां फेरीबोट, पलीकडे शास्त्री नदीच्या मुखावर जयगड. तेथून सुमारें वीस किलोमीटरांवर केशवसुतांचें जन्मगांव मालगुंड. कवीचें स्मारक व घर पाहून गणपतीपुळें, आणि आरे-वाऱ्याच्या कड्यावरील रस्त्यानें रत्नागिरी. ज्यांना सवड असेल त्यांनीं रत्नागिरीच्या भोंवतालच्या सड्यांवरील कातळशिल्पें पाहावीं. उक्षी आणि कशेळी येथें जांभ्यावर कोरलेले भले मोठे हत्ती आहेत. हीं कोणीं कोरलीं, त्यांचीं नांवें राहिलीं नाहींत. कोंकणांतील या शिल्पांचा २०२२ मध्यें युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादींत समावेश झाला आहे. रेखा जमिनीलगत असल्यामुळें त्यांवरून चाक सहज जाऊं शकतें. म्हणून सड्यावर नवी वाट पाडूं नये. आणि शिल्पाजवळ तर सायकल दूर उभी करून अनवाणीच जावें.

पथिक आणि पान्थ

गेल्या हिंवाळ्यांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी व तिचा धाकटा भाऊ या वाटेनें आले आणि एक रात्र आमच्या घरीं राहिले. जेवणें झाल्यावर मी विचारलें, “काय काय पाहिलेंत?” मुलानें चढ, उतार, किलोमीटर यांची यादी सांगितली. मुलगी गप्प होती. पुन्हां विचारल्यावर म्हणाली, “आजोबा, काल सड्यावरून उतरतांना एक म्हातारी डोक्यावर लांकडांची मोळी घेऊन वर येत होती. वाट अरुंद. आम्हीं घंटा वाजवली, तशी ती बाजूला, करवंदीच्या जाळींत सरली. आम्ही निघून गेलों. पुढें गेल्यावर मनांत आलें, तिनें आमच्यासाठीं वाट सोडली, आणि वाट तर तिची होती.”

“मग?” मी विचारलें.

“मग त्यानंतर माणूस दिसलें कीं आम्ही खालीं उतरत आलों.”

मला फार समाधान वाटलें. पाणिनीनें दोन शब्दांत एक सूक्ष्म भेद केला आहे. जो वाटेनें जातो तो ‘पथिक’. पण जो नित्य त्या वाटेनें जातो तो ‘पान्थ’. व्यवहारांत आपण दोन्ही शब्द एकाच अर्थी वापरतों, तरी या प्रसंगीं तो भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. मोळीवाली म्हातारी, गुरें घेऊन जाणारा धनगर, शाळेंत जाणारीं वाडीवरचीं मुलें, हे त्या वाटेचे पान्थ. आपण सायकलीवरून आलेले चार दिवसांचे पथिक. पथिकानें पान्थास वाट द्यावी, हा सर्व नियमांचा नियम होय. टॅमलपायसच्या तंट्यांतून निघालेलें तात्पर्यहि याहून निराळें नाहीं.

या नियमांतून बाकीचे आपोआप निघतात. अरुंद वाटेवर माणूस वा गुरूं दिसतांच उतरावें. पाखाडी लागली तर सायकल खांद्यावर घ्यावी. जांभ्याच्या त्या पायऱ्या कोणीतरी घाम गाळून बसविल्या आहेत, त्यांच्या कडा चाकांनीं झिजविण्यासाठीं नव्हे. शेताच्या गडग्यांतील बेडें उघडून गेल्यास पुन्हां लावावें. साकवावरून सायकल हातांत धरून न्यावी. देवराईंत सायकल नेऊंच नये, बाहेर ठेवावी. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनीं १९७० नंतरच्या दशकांत या देवरायांचा अभ्यास करून, देवाच्या धाकानें राखलेल्या या रानांचें मोल शास्त्राच्या भाषेंत मांडलें. आपल्या अडाणी म्हटल्या गेलेल्या पूर्वजांनीं तें आधींच ओळखलें होतें. अभयारण्यें आणि राष्ट्रीय उद्यानें यांत १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणें वनखात्याच्या परवानगीवांचून जातां येत नाहीं. मुरुड-जंजिऱ्याजवळचें फणसाड काय किंवा चांदोली-कोयनेचें रान काय, आधीं चौकीवर जाऊन विचारावें, आणि नाहीं म्हटलें तर निमूट परत फिरावें. पावसाळ्यांत तर मातीच्या वाटांवर जाऊंच नये; एका चाकाची चरी पडते, तिच्यांतून पाणी वाहूं लागतें, आणि दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत वाटेचा ओढा होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

घरांतील शंका

आतां घरांतील शंकांकडे वळूं. ‘पडला तर?’ ही आजीची शंका. पडण्याचा संभव आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. म्हणून डोक्यास शिरस्त्राण हवें, हातमोजे हवे, आणि एकट्यानें जाऊं नये. तिघे असावे, म्हणजे एक जखमी झाल्यास एकानें त्याच्यापाशीं बसावें व एकानें मदतीस जावें. पंक्चर काढण्याचें सामान, पंप, दोन ट्यूब, पाणी, गूळ-शेंगदाणे आणि औषधाची लहानशी पेटी बरोबर असावी. मुक्कामाचें गांव घरीं आधीं सांगून ठेवावें, आणि सूर्यास्तापूर्वीं तेथें पोंचावें. शहरांतील रहदारींत रोज जो धोका आपण डोळे मिटून पत्करतों, त्यापुढें हा धोका फार मोठा आहे असें मला वाटत नाहीं.

‘अभ्यास बुडेल’ ही वडिलांची शंका. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे मुंबईचे पारशी तरुण १९२३ मध्यें सायकलीवरून निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ मध्यें परत आले. आपलीं मुलें पांच वर्षें मागत नाहींत, पांच दिवस मागतात. त्या पांच दिवसांत भूगोल, इतिहास, वनस्पतिशास्त्र आणि मराठी बोलींचे विविध प्रकार यांचा जो अभ्यास होतो, तो कोणत्या वर्गांत होणार आहे?

तिसरी शंका मुलींविषयीं असते, आणि ती बहुधा उघड बोलली जात नाहीं. तिला मी एवढेंच म्हणेन कीं, वाट आणि चढ हीं स्त्रीपुरुष भेद जाणत नाहींत; आणि वर सांगितलेली गोष्ट त्या दोघांपैकीं प्रथम बहिणीच्या ध्यानांत आली, भावाच्या नव्हे.

जावयाचें तर आतांच

हा लेख आज लिहिण्याचें आणखी एक कारण आहे. ज्या वाटांचें वर्णन केलें, त्या झपाट्यानें बदलत आहेत. रेवसपासून रेडीपर्यंत सागरी महामार्गाची योजना जुनी आहे. आतां रस्ते रुंद करण्याचीं आणि खाड्यांवर पूल बांधण्याचीं कामें निघालीं आहेत. रात्रीं-अपरात्रीं बाळंतिणीला इस्पितळांत न्यावें लागतें, तिच्या घरच्यांनीं फेरीबोटीची वाट पाहात धक्क्यावर बसावें असें म्हणण्याचा आपणांस अधिकार नाहीं. पूल व्हावेतच. परंतु रुंद रस्ता झाला म्हणजे त्याच्या शेजारची पाखाडी कोणी चालत नाहीं. न चाललेली वाट तीन पावसाळ्यांत जाळींत बुडते, आणि बुडालेल्या वाटेबरोबर तिच्यावरील झऱ्याचें, देवराईचें, माचीचें नांवहि नाहींसें होतें. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानें रायगड आणि उत्तर रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील नारळी-पोफळींचीं आगरें आडवीं केलीं. पोफळ लावल्यापासून फळ धरावयास पांच-सहा वर्षें लागतात. ज्यांचीं मुलें मुंबई-पुण्यास स्थिरावलीं आहेत अशा म्हाताऱ्यांनीं तीं पुन्हां लावावीं कोणाच्या भरंवशावर?

आपल्यापैकीं अनेकांचीं मूळ गांवें याच किनाऱ्यावर आहेत. कुलदैवताला वर्षांतून एकदां मोटारीनें जाऊन नारळ फोडून संध्याकाळीं परतणें एवढाच आपला संबंध उरला आहे. आपल्या मुलानें ती वाट सायकलीनें चढून-उतरून ओलांडली, कोणाच्या पडवींत पाणी प्यालें, कोणाच्या अंगणांत पंक्चर काढलें, तर तें गांव त्याच्या पायांच्या स्मरणांत राहील. पुढें एखाद्या वाटेचा, देवराईचा वा कांदळवनाचा प्रश्न निघाला, तर मत देणारा तो तरुण नकाशा पाहून नव्हे, डोळ्यांनीं पाहिलेलें आठवून मत देईल.

म्हणून येत्या हिंवाळ्यांत मुलांनीं परवानगी मागितली तर ती द्यावी. आणि तीं परत आलीं म्हणजे किती किलोमीटर झाले हें आधीं विचारूं नये. वाटेंत कोण कोण भेटलें आणि कोणासाठीं खालीं उतरलांत, हें विचारावें.